कॉकाटील आणण्याआधी पंखा, तवा आणि दाण्याची वाटी बघा

कॉकाटील हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातला पक्षी. पाणी आणि गवताचं बी मिळेल तिकडे थव्याने उडत फिरणारा. काकाकुवाच्या कुळातला हा सगळ्यांत छोटा: शेपटीसकट लांबी फूटभर, त्यातली निम्मी शेपूटच, आणि मोठ्या पक्ष्याचं वजन ८० ते ११० ग्रॅम. नीट ठेवला तर १५ ते २० वर्षं सहज जगतो. अवेळी गेलेल्या पक्ष्यांची कारणं विचारत गेलं की मात्र तीच तीच समोर येतात: फिरता पंखा, तापलेला नॉनस्टिक तवा, वर्षानुवर्षं नुसतं बी. तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, आणि पक्षी घरात यायच्या आधीच त्यांची सोय लावता येते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी कायद्याचं. आपला कंठवाला पोपट आणि मोठा पहाडी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, कुणी ‘घरचीच पैदास आहे’ म्हणालं तरीसुद्धा. कॉकाटील परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेला. साइट्‌सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्टांत जगभरातले जवळजवळ सगळे पोपट आहेत; त्यांतून वगळलेल्या मोजक्या जातींमध्ये कॉकाटील आणि बजरीगर येतात. त्यामुळे तो पाळायला हरकत नाही.

पिल्लू घेताना एकच हट्ट धरा: ते स्वतःच्या चोचीने खाणारं हवं. ‘हाताने भरवा, म्हणजे लळा लागतो’ असं सांगून तीन-चार आठवड्यांची पिल्लं पावडरीचा डबा आणि सिरिंजसकट विकली जातात. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. भरवायचं खाणं ३९ ते ४१ अंशांवर असावं लागतं. त्याहून गरम झालं तर गळ्याखालची अन्नाची पिशवी, म्हणजे क्रॉप, आतून भाजते आणि काही दिवसांनी तिथे भोक पडतं. थंड दिलं तर अन्न पुढे सरकत नाही आणि आंबतं. सिरिंज चुकीच्या बाजूने धरली तर खाणं श्वासनळीत जातं. सराईत माणसाचं काम नवख्याच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पिल्लाने मोजायची, असा हा व्यवहार आहे. माणसाळण्यासाठी हे लागतही नाही. आठ-दहा आठवड्यांचं, स्वतः खाणारं पिल्लू हातावर यायला थोडे दिवस जास्त घेतं, इतकंच.

दुकानात उभं राहून ते बी फोडून खाताना बघा. नुसतं चोचीत घोळवतंय की साल खाली पडतेय, हे पाहा. नाकपुड्या कोरड्या, डोळे उघडे, शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड धारदार लागलं तर पक्षी आजारी किंवा उपाशी आहे. बसल्या जागी प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत असेल तर घेऊ नका, कितीही गोड दिसला तरी.

नर की मादी हे लहानपणी कळत नाही, कारण सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. साधारण सहा ते नऊ महिन्यांत पहिली पिसं झडली की राखाडी जातीच्या नराचं तोंड लख्ख पिवळं होतं आणि शेपटीखालचे आडवे पट्टे जातात. मादीत ते राहतात. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनोत चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. तिथे शेपटीचं पीस उजेडाकडे धरून फिकट पट्टे शोधायचे, नाहीतर पिसावरून डीएनए चाचणी करून घ्यायची. शिट्टीवर गाणं उचलणारा, पंख खांद्यापासून थोडे उचलून मिरवणारा बहुधा नर. शब्द तो थोडेच बोलतो, शिट्टी मात्र सुरेख मारतो. बऱ्याच ल्युटिनोंच्या तुऱ्यामागे टक्कल असतं, तो आजार नव्हे, जातीचा वारसा आहे.

आता पंखा. आपल्याकडच्या घरात छताचा पंखा हा मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याचा सर्वांत मोठा शत्रू. कॉकाटील दचकला की आधी वर झेपावतो, आणि वर पाती असतात. पिंजऱ्याचं दार उघडण्यापूर्वी पंख्याचं बटण बंद, आणि त्या बटणावर चिकटपट्टी, म्हणजे सवयीने कुणाचा हात जाणार नाही. खिडक्यांना जाळी, आरशावर आणि मोठ्या काचेवर पहिले काही दिवस पडदा, बादल्या आणि पातेली झाकलेली. स्वयंपाकघरात पक्षी सोडायचाच नाही.

पंख कापावेत का, हे नेहमी विचारलं जातं. माझं मत: घर सुरक्षित करता येत असेल तर कापू नका. पंख कापलेला पक्षी उडत नाही असं नाही. तो उंचावरून धपकन पडतो आणि छातीच्या हाडावर आपटतो. शिवाय नवीन पिसं एकेक करून येतात. एके दिवशी तो न सांगता उडतो, आणि त्या दिवशी पंखा चालू असतो.

तव्याचं तर कुणी सांगतच नाही. नॉनस्टिकचा लेप, म्हणजे पीटीएफई, साधारण २८० अंशांच्या पुढे तापला की त्यातून निघणारे वायू पक्ष्याच्या फुप्फुसाला जाळतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की हे तापमान काही मिनिटांतच येतं. आपल्याला फारसा वासही येत नाही, आणि पलीकडच्या खोलीतला पक्षी धापा टाकत खाली पडतो. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्यामुळे फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे तो हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा चांगला शोषतो, आणि विषही तसंच. यावर औषध जवळजवळ नाहीच. घावन-धिरड्यांना बिडाचा तवा वापरा. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, काही इस्त्र्या आणि हीटर यांवरही हा लेप असतो, तेव्हा वस्तू घेताना विचारून घ्या.

ऊद, धूप, कापूर, अगरबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, करपलेली फोडणी, दिवाळीआधीचा रंग, पेस्ट कंट्रोल हे सगळं याच यादीत येतं. गणपतीत आरतीच्या वेळी पिंजरा आतल्या खोलीत न्या आणि दार लावून घ्या. डासांसाठी मशीनऐवजी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकणं सोपं आणि स्वस्त. घरात रंगकाम असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पक्ष्याला नातेवाइकांकडे ठेवा. उलट बाजूही लक्षात घ्या: कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडत असते. घरात कुणाला दमा असेल तर आणण्याआधी पक्षी असलेल्या घरी दोन-तीनदा तासभर बसून या. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा मारला की भुकटी पुष्कळ कमी होते आणि पक्ष्यालाही ते आवडतं. रात्री मात्र ओला झोपवू नये.

पिंजरा एका पक्ष्याला निदान ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ६० उंच. जोडीला ९० सेंमी लांबीचा. चौकोनीच घ्या, गोल नको. तारांमधलं अंतर १२ ते १५ मिमी, आणि निदान दोन बाजूंच्या तारा आडव्या, म्हणजे चढता येतं. स्वस्त जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीवर पांढरी पूड धरते, पक्षी ती चाटतो आणि जस्ताची विषबाधा होते: हिरवी पातळ विष्ठा, उलटी, अशक्तपणा. पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेसचा पिंजरा महाग पडतो, पण एकदाच घ्यायचा असतो. वर सरकवायची दारं पक्षी चोचीने उचलतो आणि मान अडकून घेतो. त्या प्रत्येक दाराला क्लिप लावा. दांड्या एकाच जाडीच्या नकोत. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या १५ ते २५ मिमी जाडीच्या फांद्या उत्तम. प्लास्टिकच्या सारख्या दांडीवर दिवसभर बसून तळव्याला घट्टे पडतात. कण्हेर, रुई, शेर यांची काडीसुद्धा आत नको. तळाला वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. त्यावरची विष्ठा हा रोजचा अहवाल असतो, तो पुढे लागेल.

खाण्याबद्दल थोडं जास्त लिहिणं भाग आहे. बाजारात ‘कॉकटेल मिक्स’ म्हणून मिळतं त्यात सूर्यफूल आणि करडई भरपूर असते, कारण पक्षी तेच आधी वेचतो आणि मालकाला वाटतं, किती आवडीने खातो. तेलबियांनी यकृतावर चरबी साठते. त्यात भाजी अजिबात नसेल तर अ जीवनसत्त्व कमी पडतं. मग नाक आणि तोंडाच्या आतलं अस्तर जाड होतं, टाळ्यावर पांढरे ठिपके दिसतात, डोळ्यांभोवती सूज येते आणि शिंका सुरू होतात. लोक त्याला सर्दी समजून औषध मागतात. औषध असतं गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याच्या पाल्यात.

मूळ दाणा असा ठेवा: राळा, बाजरी, वरी, कॅनरी सीड असं बारीक बी मुख्य, करडई थोडी, सूर्यफूल दिवसाला आठ-दहा दाणे, तेही हातातून बक्षीस म्हणून. एका पक्ष्याला दिवसाला कोरडा दाणा १० ते १२ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन भरगच्च चहाचे चमचे. बाकी सकाळी चमचाभर बारीक चिरलेली भाजी: किसलेलं गाजर, उकडलेला भोपळा, मक्याचे दाणे, मटार, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. पालक आठवड्यातून एकदा पुरे, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मोड आलेले मूग, बाजरी, राळा हे सगळ्यांत चांगलं. रात्री आठ तास भिजत घाला, निथळून चाळणीत ठेवा, दर काही तासांनी धुवा, आणि मोड दोन-तीन मिलिमीटरचे झाले की द्या. वास घ्या, जरा जरी आंबूस आला तर टाकून द्या. वाटीतलं ओलं खाणं दोन तासांनी उचला, पावसाळ्यात तर नक्कीच.

बाजरी घरच्या डब्यातली घालत असाल तर एक गोष्ट तपासा. साठवणीच्या धान्यात बोरिक पावडर किंवा पारद टिकड्या टाकलेल्या असतील तर ते पक्ष्याला देऊ नका. पेरणीची, रंग आणि औषध लावलेली बाजरी चुकूनही नको. नवीन दाणा दोन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवा, ४८ तास फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे किडे आणि अळ्या मरतात, आणि मग हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात एका वेळी महिन्यापुरताच आणा. जाळी धरलेल्या, कुबट वासाच्या दाण्यात बुरशी असते, आणि बुरशीने फुप्फुसाचा जो आजार होतो तो बरा करायला महिने लागतात. शेंगदाणे या कारणानेच टाळलेले बरे.

वाटी रोज हातात घेऊन फुंकर मारा. कॉकाटील दाणा सोलून खातो आणि साल वाटीतच पडते. वरून वाटी काठोकाठ भरलेली दिसते, आत एकही दाणा नसतो. भरल्या वाटीपुढे उपाशी राहिलेले पक्षी असे असतात. पाणी दिवसातून दोनदा बदला. त्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. पाण्यात जंतू भराभर वाढतात आणि चव बदलली की पक्षी पिणं कमी करतो.

पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या, सुरू करायचे असतील तर सावकाश. बी एकदम बंद केलं तर पेलेट हे खाणं आहे हेच त्याला उमगत नाही आणि तो खरोखर उपाशी राहतो. आधी चुरा करून किंचित ओल्या भाजीवर भुरभुरवा. मग सकाळी तासभर फक्त पेलेट, नंतर दाणा. चार ते सहा आठवडे लागतात, काहींना जास्त. रोज वजन करा आणि सुरुवातीच्या वजनाच्या ९५ टक्क्यांखाली उतरलं की मागे या. समुद्रफेन, म्हणजे कटलबोन, पिंजऱ्यात कायम टांगलेला असू द्या. वाळू किंवा खडे लागत नाहीत, कारण हा पक्षी साल काढूनच बी गिळतो. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया हे विष समजा. शेव, फरसाण, बिस्कीट, दूध-पोळी कौतुकाने भरवणारे पाहुणे असतात, त्यांना प्रेमाने थांबवा. ९० ग्रॅमच्या जिवाला चिमूटभर मीठही फार होतं.

कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवं, आणि काचेतून येणारं ऊन कामाचं नाही. लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन वीस-तीस मिनिटं, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत, आणि माणूस जवळ. कावळे, मांजर आणि शिकरा तेवढ्यात येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकलेला पक्षी दिसला तर लगेच सावलीत न्या, पाय ओले करा, हलका फवारा मारा. पाण्यात बुडवू नका, आणि कूलरचा झोत थेट अंगावर नको.

कॉकाटीलला रात्री दचकायची खोड असते, ल्युटिनोला जास्त. अंधारात पाल सरकली, गाडीचा प्रकाश भिंतीवर फिरला, फटाका वाजला की तो पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटत सुटतो. खोलीत बारीक दिवा ठेवा, पिंजरा तीन बाजूंनी झाका, एक बाजू उघडी. दहा ते बारा तास झोप हवी. दचकला तर दिवा लावा, हळू आवाजात बोलत राहा, हात लगेच आत घालू नका. शांत झाल्यावर पंख बघा. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते मोडलं तर धार लागते, आणि या पक्ष्याच्या अंगात रक्तच मुळात आठ-नऊ मिलिलिटर असतं. टॉवेलमध्ये धरा, कॉर्नफ्लॉवर लावून कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. छातीभोवती मूठ आवळू नका, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही. रक्त थांबलं नाही तर डॉक्टरकडे.

हातावर आणायला घाई नको. पहिले तीन-चार दिवस नुसतं शेजारी बसून वाचत राहा. मग तारेतून राळ्याचं कणीस पुढे करा, मग दार उघडून तेच हातातून, मग कणीस असं धरा की खायला बोटावर चढावंच लागेल. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तुरा सांगतो कधी थांबायचं: ताठ उभा म्हणजे सावध किंवा घाबरलेला, अर्धवट सैल म्हणजे निवांत, डोक्याला चिकटवून फुत्कारत असेल तर हात मागे घ्या. हा थव्यातला पक्षी आहे. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री परतत असतील तर दोन ठेवा, किंवा ठेवूच नका. दुसरा आणलात की ४५ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत.

मादी असेल तर अंड्यांचा प्रश्न कधीतरी येतोच. नराशिवायही ती घालते, दिवसाआड एक, चार ते सात. ती लगेच काढून घेऊ नका. काढली की ती भरपाई म्हणून आणखी घालते आणि हाडांतलं कॅल्शियम संपवते. तीन आठवडे बसू द्या, कंटाळून स्वतः उठते. पुन्हा घालू नयेत म्हणून अंधार बारा-चौदा तासांचा करा, मटकं, खोका, सोफ्याखालचा कोपरा बंद करा, आरसा काढा, तेलबिया कमी करा, पिंजऱ्याची जागा बदला. आणि तिला फक्त डोक्यावर-मानेवर खाजवा, पाठीवर हात फिरवणं म्हणजे तिच्या लेखी जोडीदाराचा इशारा. मादी तळाला फेंगडी बसून कुंथत असेल, शेपूट हलत असेल, पोट फुगलं असेल तर अंडं अडकलंय. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर जीव जातो. उबदार, दमट हवेत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या; कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं.

आजार हा पक्षी शक्य तेवढा लपवतो, कारण थव्यात अशक्त दिसणारा आधी शिकार होतो. म्हणून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा हवाच. आठवड्यातून निदान दोनदा, सकाळी खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. दहा टक्के घट झाली तर डॉक्टरकडे जायला थांबायचं नाही. वर्तमानपत्रावरच्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवी वळी, पांढरा भाग, स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला, तर यकृताचा किंवा सिटॅकोसिसचा संशय घ्या. सिटॅकोसिस हा पोपटांकडून पसरणारा जंतूंचा आजार, तो माणसालाही होतो. घरात कुणाला ताप-खोकला रेंगाळला तर आपल्या डॉक्टरांना पक्षी असल्याचं आवर्जून सांगा. दिवसा फुगून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर तळाला बसलेला पक्षी ‘उद्या बघू’ म्हणायच्या पलीकडे गेलेला असतो.

डॉक्टर मिळेपर्यंत लहान खोक्यात टॉवेल अंथरा, दांडी काढा, दाणापाणी तळाला ठेवा, आणि एका बाजूने कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी लावून आतलं तापमान २९ ते ३२ अंश ठेवा. दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे नको झालं तर सरकता येईल. डोक्याला मार लागला असेल किंवा उन्हाचा तडाखा असेल तर ऊब देऊ नका. पक्ष्यांचं ज्ञान असलेले पशुवैद्य गल्लोगल्ली नसतात, म्हणून शोध पक्षी आणण्याआधीच घ्या. जवळपास कुणी नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत चौकशी करा. नेताना वजनाची वही, त्या दिवशीचा पिंजऱ्यातला कागद आणि खात असलेल्या दाण्याची मूठभर पुडी बरोबर घ्या. तपासणीआधी पिंजरा धुऊ नका.